सतरा ते सव्वीस

तो दुकानात शिरला तेव्हा ती शिडीवर होती. शिडीवरून माणसाचं आधी डोकं दिसतं, मग खांदे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. त्यामुळे शिडीवर चढलेल्या बायका सहसा गिऱ्हाइकाच्या प्रेमात पडत नाहीत. डोकं भरगच्च केसांचं होतं. खांद्यावर निळी पिशवी होती. एवढ्यावरून तिने त्याची 'रॉकेटच्या तळावरचा कुणीतरी' अशी नोंद केली आणि वरच्या फळीवरच्या काचा खाली घेत राहिली.

"काचेच्या पट्ट्या हव्या होत्या," खालून आवाज आला. "चाळीस. बोटभर लांब, आणि कापता येतील तितक्या पातळ."

"कधी?"

"आजच."

"परवा उड्डाण आहे. अर्ध्या गावाच्या खिडक्या आज माझ्या जिवावर आहेत. त्यात तुमच्या चाळीस पट्ट्या... सोबत चहा पण टाकू का?"

"साखर कमी," तो म्हणाला.

ती खाली उतरली ती त्याला दोन शब्द सुनवायलाच. पण तो एवढ्या गंभीर चेहऱ्याने काउंटरवरची लाकडी पट्टी न्याहाळत होता, की ते दोन शब्द तिने पुढच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवले. बाबांच्या गुडघ्यांनी तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिल्यापासून दुकान तीच चालवत होती. बाबा आता फक्त सल्ला द्यायला येत, आणि सल्ल्याला गिऱ्हाईक नसतं.

"कशाला लागतात एवढ्या?"

"घरांच्या भिंतींना तडे असतात ना, त्यांच्यावर आडव्या चिकटवायच्या. उड्डाणाच्या हादऱ्याने तडा केसभर जरी वाढला तरी काच मोडते. मग कळतं, तडा नवा की जुना."

"म्हणजे तुम्ही तडे मोजणारे साहेब."

"साहेब नाही. नुसता तडे मोजणारा."

तिने काच कापायची हिरकणी घेतली. काचेवर ती बारीक रेघ ओढताना जो आवाज होतो, त्याने नवखा माणूस दात आवळतो. हा आवळत नव्हता. उलट ऐकत होता, कुणी जुनं गाणं ऐकावं तसा. चाळीस पट्ट्या झाल्या. त्याने त्या मोजायला घेतल्या. पहिल्या पट्टीला हात लावण्याआधी काउंटरच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं आणि पुटपुटला, "शून्य..." मग पुढे, "एक, दोन, तीन..."

तिच्या हातातली हिरकणी तिथेच थांबली.

काहीच हातात नसताना मोजायला सुरुवात करणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. आणि तो तेव्हा माणूस नव्हता, अर्ध्या चड्डीतलं कार्टं होतं.

"चोवीस, पंचवीस..." त्याने मान वर केली. "पंचविसावी वाकडी आहे, किरकिर."

"शून्या!" ती ओरडली. आणि मग, अर्ध्या सेकंदाने, तिला आठवलं की आपण याच्यावर रागावलेलो आहोत. बारा वर्षं झाली. राग जुना होता, पण पक्का होता. आणि आत्ता नेमका सापडत नव्हता.

"दुकानाच्या पाटीवरून ओळखलं नव्हतं," तो हसत म्हणाला. "पाटी नवीन आहे. आवाजावरून ओळखलं. हिरकणीच्या."

"पट्टी अजिबात वाकडी नाही," ती म्हणाली. आणि खरंच नव्हती.

*

रॉकेटच्या तळाशेजारी वाढलेल्या मुलांना काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. उजेड आधी येतो आणि आवाज मागाहून, हे विज्ञानाच्या बाई फळ्यावर लिहीत तेव्हा अख्खा वर्ग जांभया देई. तळाच्या दिशेने क्षितिजावर आधी केशरी उजेड फुटायचा, अगदी मुकाट्याने. गावातल्या शाळेच्या कुंपणावर ओळीने बसलेली पोरं मोजायला लागत. सतरा म्हणता म्हणता आवाज यायचा. आधी पायांतून, मग पोटातून, कानांत सगळ्यात शेवटी.

उड्डाणाच्या दिवशी गावाचा सगळा संसार जमिनीवर उतरे. बरण्या फळ्यांवरून खाली, भिंतीवरचे फोटो पलंगावर पालथे. गावातले एकूण एक आजोबा-पणजोबा त्या दिवशी नाक गादीत खुपसून झोपत. आणि खिडक्या सताड उघड्या. बंद काच हादऱ्याने फुटते, उघडी नुसती थरथरते. म्हणून थंडी असो की पाऊस, भोंगा झाला की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडत, आणि घराघरातलं बोलणं रस्त्यावर येई. कोण कुणाला काय म्हणालं ते त्या दिवशी सगळ्यांना कळे. गावातली निम्मी भांडणं उड्डाणाच्या सकाळी जुंपली आणि निम्मी त्याच सकाळी मिटली.

मुलांचा मात्र स्वतःचा एक कायदा होता. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत जे बोललं जाईल, ते धरायचं नाही. कुणी केला हा कायदा, माहीत नाही. मोडला मात्र कुणीच नाही. त्या सतरा आकड्यांत पोरं काय काय बोलून घेत! कुणी शाळेचा दिवा फोडल्याचं कबूल करी, कुणी कुणाची वही चोरल्याचं. एकदा एकजण मुख्याध्यापकांना 'भोपळा' म्हणाला, आणि भोपळा मागेच उभा. पण तेही याच गावात वाढलेले. त्यांनी आवाज येईपर्यंत वाट पाहिली, घसा खाकरला आणि म्हणाले, "धरलं नाही." दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वीस गणितं जास्त मिळाली, तो भाग वेगळा.

शून्या तळाच्या वसाहतीतला. वसाहत पलीकडच्या अंगाला, गावापेक्षा लांब. शाळा एकच, म्हणून तो बसने गावात येई. उजेड फुटला की बाकीची पोरं नुसती 'ओ' करत, हा मात्र 'शून्य' म्हणे. तळावर तसंच मोजतात, असं त्याचं म्हणणं. नाव पडायला एवढं पुरलं. तिचं नाव त्याने ठेवलं, हिरकणीच्या आवाजावरून. 'स्वभावावरून नाही ना?' असं तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, 'उड्डाणाच्या दिवशी सांगेन.'

"आमच्या घरी सव्वीस लागतात," तो ऐटीत सांगायचा. "तुमच्यापेक्षा नऊ जास्त."

"मग काय, तुमच्याकडे जास्त खोटं बोलता येतं," ती म्हणायची.

दोघं पंधरा वर्षांची असताना त्याच्या वडिलांची बदली झाली. सामानाचा ट्रक ज्या सकाळी निघायचा, नेमकं त्याच सकाळी उड्डाण. रस्ते बंद. भेटता येईना, म्हणून त्याने फोन केला. ती पॅसेजमध्ये उभी होती, रिसीव्हर कानाला. बोलण्यासारखं खूप होतं, म्हणून दोघंही हवेबद्दल बोलत होती. तेवढ्यात उजेड फुटला. दोघंही गप्प झाली आणि आपापलं मोजू लागली. सतराला तिचं घर गडगडलं. तिने रिसीव्हरसकट डोकं कोटांच्या कपाटात खुपसलं, एक कान उशीत दाबावा तसा कोटात दाबला, आणि दुसऱ्या कानात, त्या गडगडाटाखालून, त्याचा आवाज आला.

"मी परत येईन. आणि लग्न करेन तर तुझ्याशीच."

तिने एका शब्दात उत्तर दिलं. लगेच लाईन गेली.

आणि तो परत आला नाही. बारा वर्षं.

*

घर दुकानाच्या मागेच. आईने त्याला ओळखलं, जेवढा उंच झालाय तेवढाच वाळलाय असं निदान केलं, आणि चहा टाकला. तो तडे शोधत, खोल्यांमागून खोल्या बघत पॅसेजमध्ये आला आणि थांबला. कोटांचं कपाट तिथेच होतं. स्टुलावरचा फोनही. फोन कधीचाच बंद पडला होता, पण त्याखालचं विणकाम आईच्या हातचं होतं, म्हणून तो निघाला नव्हता. वर, छतापासून कपाटापर्यंत, एक तडा उतरत आला होता.

"हा जुना आहे," तो म्हणाला.

"बारा वर्षांचा."

"इतकं नेमकं?"

"पडला तेव्हा मी इथेच होते." ती कपाटाला टेकली. "तू फोनवर काय म्हणालास, आठवतं?"

पट्टीच्या टोकाला प्लास्टर लावता लावता त्याचा हात थांबला. कान लाल झाले. पंधराव्या वर्षीही आधी कानच व्हायचे.

"तुला... ऐकू आलं होतं?"

"शब्द न् शब्द."

"मला वाटलं, तुझ्याकडे एवढा गडगडाट... म्हणूनच तर धीर झाला. आणि तसंही ते धरायचं नव्हतं ना. मी विसाव्या आकड्याला बोललो. माझ्याकडे आवाज यायला सहा बाकी होते."

"माझ्याकडे सतरालाच आला होता," ती म्हणाली. "मी धरलं."

बाहेर आईने कपात साखर ढवळली, तेवढाच आवाज. नऊ आकड्यांचा फरक. तळाच्या या बाजूला वचन, त्या बाजूला गंमत. आणि मध्ये दोन माणसं, दोघंही कायद्याने अगदी बरोबर.

"किरकिर, मी..."

"परवा संध्याकाळी चौकातल्या चष्मेवाल्याला उत्तर द्यायचं आहे," तिने एका दमात सांगून टाकलं. "त्याने विचारलंय. मी तीनदा मुदत मागून घेतली. चौथ्यांदा मागायला तोंड नाही."

"चांगला आहे?"

"फार. आई म्हणते, मुलगा काचेतलाच आहे. बाबा म्हणतात, आपली खिडकीची, त्याची नाकावरची, तेवढाच फरक."

"मग..." तो तड्याकडे बघत म्हणाला, "मग छानच की."

"पट्टी चिकटव," ती म्हणाली. "प्लास्टर सुकतंय."

*

बुधवारी भुरभुर पाऊस होता. चाळीस पट्ट्या चाळीस घरांत लागल्या होत्या. नियमाप्रमाणे प्रत्येक घरी एकच पाहणी. या घरी तो सकाळी आला, दुपारी आला, आणि चारच्या सुमाराला पुन्हा आला.

"साहेब," आई दारातूनच म्हणाली, "आमच्या भिंतीला जेवढे तडे नाहीत तेवढ्या तुमच्या फेऱ्या झाल्या."

"पट्टी नीट बसलीय का बघतो, काकू."

"बघा बघा. सकाळी बसली होती, दुपारीही बसली होती. आता उभी राहिली असेल."

ती मागच्या खोलीत एक मोठी काच चौकटीत बसवत होती. दुसऱ्या बाजूने धरायला माणूस हवा होता. तिने काही म्हटलं नाही. त्याने पिशवी ठेवली आणि काच धरली. आता दोघांच्या मध्ये ती काच. आवाज थोडा अडतो, नजर अडत नाही. तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली, मग त्याच्या. दोन वाफा शेजारी शेजारी धरल्या आणि विरल्या.

"एक विचारू?" तो काचेमागून म्हणाला. "तू त्या दिवशी काही बोललीस का? मी ते बोललो आणि मग... माझ्याकडे आवाज आला. पुढचं काहीच ऐकू आलं नाही. मग लाईन गेली. मला वाटलं, तू रागावून फोन ठेवलास."

ती हातातली पुट्टी मळत राहिली. गरजेपेक्षा बरीच जास्त.

"मी 'बरं' म्हणाले होते."

"काय?"

"'बरं.' एवढंच. तेव्हा पंधरा वर्षांची होते, जास्त शब्द सुचले नाहीत."

त्याने कपाळ काचेला टेकवलं. "बरं," तो स्वतःशीच म्हणाला. "बारा वर्षं मला वाटत होतं की..." आणि थांबला.

"डाग पडतोय काचेवर."

"पुसेन मी." त्याने मान वर केली. "हे बघ, पंधरा वर्षांच्या पोराच्या बोलण्यावरून तू काही ठरवू नकोस. ते बरोबर नाही."

तिने पुट्टी खाली ठेवली आणि काच दोन्ही हातांनी धरली. काच धरलेल्या माणसाने दचकायचं नसतं.

"पोराचं राहू दे," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षांच्या माणसाला काही म्हणायचंय का?"

पाऊस पत्र्यावर बोटं वाजवत होता.

"उद्या सांगतो."

"उद्या उड्डाण आहे."

"माहीत आहे. पॅसेजमधली पट्टी मुख्य पट्टी आहे, उड्डाणाच्या वेळी मी तिच्यापाशी असायला हवं."

"आणि मुख्य पट्टी कुठे लावायची हे कोण ठरवतं?"

"मी," तो म्हणाला. कान पुन्हा लाल.

तो गेल्यावर तिने मनाशी एकच गोष्ट पक्की केली. उजेड आणि आवाज यांच्यामध्ये तो बोलला, तर ते धरायचं नाही. ज्या माणसाला अजूनही लपायला सतरा आकडे लागतात, त्याच्यासाठी आणखी बारा वर्षं नाहीत. मग संध्याकाळी चौकात जायचं, आणि चष्मेवाल्याला हो म्हणायचं. फार चांगला माणूस आहे.

*

गुरुवारी सकाळी पाऊस थांबला. आठ वाजता पहिला भोंगा झाला आणि गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. बाबांनी पणजोबांना पालथं झोपवलं. आईने बरण्या खाली काढल्या. समोरची शिंपीणबाई तिच्या नवऱ्याला मोज्यांवरून बोलत होती. ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. शिंप्याने उत्तर दिलं, तेही ऐकलं. कोपऱ्यावरच्या घरातून कुणीतरी शिंप्याची बाजू घेतली.

पॅसेजच्या टोकाला एक खिडकी होती, तळाच्या दिशेला तोंड असलेली. तो तड्यापाशी उभा, ती खिडकीपाशी. दोघांच्या मध्ये चार पावलं, एक स्टूल आणि एक मेलेला फोन.

"दोन मिनिटं," तो घड्याळ बघून म्हणाला.

"हवा छान आहे," ती म्हणाली.

"हो. हवा... छान आहे."

मग दोघांनाही आठवलं, आणि दोघंही हसली.

तिसरा भोंगा. गल्ली गप्प झाली. घरांच्या छपरांपलीकडे, सपाट क्षितिजावर, केशरी उजेड फुलला. मुकाट्याने, नेहमीसारखा.

"शून्य," तो म्हणाला.

तिने श्वास धरला. एक. दोन. तीन. तो तिच्याकडेच बघत होता. चार, पाच, सहा. त्याचे ओठ हलत होते, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, आता बोलेल. नको बोलूस, ती मनात म्हणाली. आता नको. दहा. अकरा. त्याने ओठ उघडले... बारा, नुसतं बारा. चौदा. पंधरा. सोळा.

सतरा.

आधी पायांतून, मग पोटातून. घर गडगडलं. उघड्या खिडक्या चौकटीत थरथरल्या, जमिनीवरच्या बरण्या एकमेकींना खेटून किणकिणल्या. तो बोलला नव्हता. आता बोल, आता सगळं धरायचं, आता बोल ना...

तो गप्पच. फक्त ओठ हलत होते.

एवढंच होतं तर. त्याला काही म्हणायचंच नव्हतं. तिने मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघितलं. धुराचा पांढरा खांब वर चढत होता, सुरेख, आणि तिला तो नीट दिसत नव्हता. चौकात जाताना कुठला स्वेटर घालावा, असा एक बिनकामाचा विचार तिच्या डोक्यात आला. पण इतक्या वर्षांची सवय; मान पुन्हा वळलीच.

त्याचे ओठ अजून हलत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला कळलं.

बावीस. तेवीस. चोवीस.

तो वसाहतीचे मोजत होता.

पंचवीस. सव्वीस. त्याने बोट वर केलं, तिकडे, लांब, वसाहतीच्या दिशेला, जिथे आत्ता त्याच्या जुन्या, रिकाम्या घराच्या खिडक्या थरथरायला लागल्या असतील. मग गडगडाट वर वर जात बारीक होईपर्यंत तो थांबला. गल्ली शांत झाली. पक्षीसुद्धा अजून बोलायला लागले नव्हते.

"आता दोन्हीकडे आलाय," तो म्हणाला. साध्या आवाजात, दिवसाढवळ्या, सगळ्या खिडक्या उघड्या असताना. "आता कुठेच लपायला जागा नाही. मी परत आलो, उशिरा आलो. लग्न करेन तर तुझ्याशीच. हे धर."

तिला बोलायचं होतं. बारा वर्षांत शब्द चांगले शे-दोनशे साठले होते, आणि त्यातले निम्मे कडक होते. पण त्याचे कान लाल होते, आणि तिला पुन्हा एकच सुचला.

"बरं."

"काय म्हणाली?" समोरच्या खिडकीतून शिंपीणबाई ओरडली.

"बरं म्हणाली!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "ऐकलं आम्ही! धरलंय!"

"मोठ्याने बोलायला काय होतं पोरीला," बाबा पणजोबांना सुलटं करत पुटपुटले.

कोपऱ्यावरच्या घरातून टाळ्या आल्या. गल्ली पुन्हा बोलू लागली, सगळी एकदम.

तो चार पावलं चालून आला. मग आठवण होऊन परत मागे गेला, कारण कामाचा माणूस होता, आणि तड्यावरच्या पट्टीकडे नीट पाहिलं. पट्टी अख्खी होती. एक ओरखडासुद्धा नाही.

"मोडली नाही," तो म्हणाला.

"मोडेल कशी," ती म्हणाली. "मी कापलीय. पंचविसावी आहे ती."

"तुला कसं कळलं?"

"तूच म्हणालास ना, वाकडी आहे. वाकडी तू दुसऱ्या कुणाच्या घरी लावणार होतास?" तिने हात पुढे केला. "आता चल. चष्मेवाल्याकडे संध्याकाळी मला एकटीला जायचं नाहीये. तू फक्त शेजारी उभा राहा. बोलायचं मी बघते."

"आणि मी काय करू?"

"मोज," ती म्हणाली. "शून्यापासून."